एक किलो दोनशे ग्रॅम

कौस्तुभ वजनकाट्यावरून खाली उतरला तेव्हा पंचांनी कागदावर काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं.

"एकोणनव्वद आठशे. हेवीवेटला किमान एक्क्याण्णव लागतं. अर्धा तास देतो. नाहीतर लोकेशला वॉकओव्हर."

भिंतीला टेकून हाताला पट्टी गुंडाळणारा लोकेश थांबला. जेसल पार्कच्या त्या हॉलमध्ये बाकीची पोरं वजन उतरवायला धडपडत होती. कुणी दोन-दोन स्वेटर घालून दोरीवर उड्या मारत होतं, कुणी बेसिनपाशी थुंकून थुंकून तोंड कोरडं करत होतं. वजन कमी भरलं म्हणून मान खाली घालून उभा राहिलेला हा एकटाच.

लोकेश चार वर्षं हेवीवेटचा विजेता होता, आणि चारही वर्षं समोर कुणी आलंच नव्हतं. एवढ्या अंगापिंडाची माणसं कुस्तीकडे जायची, किकबॉक्सिंगकडे कोण येणार? तो रिंगमध्ये चढायचा, पंच त्याचा हात वर करायचे, तो उतरायचा. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर बसणारे सोबती त्याला 'बिनविरोध' म्हणत. घरी, हाटकेशला, आई पदक हातात घेऊन एकच विचारायची, समोर कोण होतं? पहिल्या वर्षी त्याने तिला नियम समजावून सांगितला. पुढे पुढे तो प्रश्न आला की आंघोळीला निघून जायचा.

त्याचे प्रशिक्षक बबन सर वाकून हळूच म्हणाले, "पट्टी सोड आता. पाचवं गोल्ड आलं. सोमवारी साहेबांना फोन लावतो."

पाच सुवर्णपदकं झाली की खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी, असं सरांचं क्रीडा खात्यातल्या साहेबांशी बोलणं झालेलं होतं. लोकेशच्या आईला, केसरबाईलाही ते ठाऊक होतं.

लोकेश उठला. पिशवीतून सहा केळी आणि पाण्याची मोठी बाटली काढून कौस्तुभशेजारी जाऊन बसला.

"कुठला तू?"

"देवळाली."

"किती वर्षं खेळतोयस?"

"सहा. खालच्या गटात नाव द्यायला पाहिजे होतं, दादा. लढलो तरी असतो."

लोकेशने केळी त्याच्या मांडीवर ठेवली.

"खा."

कौस्तुभने एकदा केळ्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "मला मारायला मिळावं म्हणून खाऊ घालताय?"

"कोण कुणाला मारतोय ते दुपारी बघू. पाणी पी आधी."

बबन सर तरातरा आले.

"लोक्या, डोकं फिरलंय का तुझं? तो सहा वर्षं लाथा खातोय. तू चार वर्षांत एक तरी खाल्लीस का?"

"तेच तर, सर," लोकेश म्हणाला आणि बाटलीचं झाकण फिरवून ती पुढे केली.

पंचवीस मिनिटांनी कौस्तुभ पोटावर हात ठेवून, जपून पावलं टाकत काट्यावर चढला. आकडे हलले, मागे गेले, पुन्हा हलले आणि एक्क्याण्णवावर थांबले. पंचांनी पेनाचं टोपण काढलं. बबन सर पाठ फिरवून बाहेर चहा प्यायला गेले.

दिवेलागणीला लोकेश कठडा धरून एकेक पायरी चढत घरी आला. डावा डोळा मिटून गेला होता. केसरबाईने पदक हातात घेतलं, ट्यूबखाली नेऊन उलटंपालटं केलं. ते पिवळं नव्हतं, पांढरं होतं. तिने पोराच्या डोळ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पदकाकडे. नोकरीचं तिने काही विचारलं नाही.

मग म्हणाली, "समोर कोण होतं?"

लोकेश आंघोळीला गेला नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसला, वाकत नव्हता तो पाय लांब केला.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी वाढ. वेळ लागेल."