गुळगुळीत केलेल्या छत्तीस पायऱ्या

तुम्ही मला माझ्या बापासमोर खोटं पाडलंत. मनोऱ्याच्या देखभालीच्या कागदांवर सह्या ठोकणारे तुम्ही, जे कोणी असाल ते.

समुद्रकाठचा घड्याळ-मनोरा बघायला जग येतं. आबा बघायला आले नव्हते; त्यांची नजर जाऊन चार वर्षं झाली. मनोऱ्यापासून पाण्यापर्यंतच्या छत्तीस पायऱ्या त्यांनी तरुणपणी घडवल्या. ओला पाय घसरू नये म्हणून प्रत्येकीवर छिन्नीचे बारीक टोचे मारून ती खरखरीत केली. येत्या रविवारी माझा भाऊ त्यांना आपल्या घरी कायमचं घेऊन जाणार, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर. त्याआधी शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायचे, एवढंच त्यांना हवं होतं.

"हात सोड गं. माझ्या पायऱ्या आहेत, मला पाडायच्या नाहीत."

चपला काढून त्यांनी माझ्याकडे दिल्या, पहिल्या पायरीवर पाय टेकवला आणि थांबले. वाकून तळवा फिरवला.

"कुठे आणलंस मला?"

"मनोऱ्यावर, आबा."

"ही कुठल्या तरी हॉटेलातली फरशी आहे. म्हातारा आंधळा, कुठेही नेला तरी चालतो, होय?"

तेवढ्यात वर तीनचे टोल पडले. "घड्याळं काय, गावभर असतात," ते म्हणाले.

मी खाली बघितलं. मशीन फिरवून पायऱ्यांचा आरसा केला होता. फक्त कठड्यालगत मशीनचं चाक पोचलं नव्हतं. तिथे दोन बोटं रुंद पट्टी खरखरीत राहिली होती. आबांची बोटं धरून मी तिच्यावर ठेवली. त्यांनी एकेक टोचा दाबून बघितला.

"माझंच आहे. डावीकडे झुकलेला टोचा. मुकादम यावरून रोज शिव्या घालायचा."

मग ते खाली बसले आणि पट्टी चाचपत, बसल्या बसल्या एकेक पायरी उतरू लागले. अकराव्या पायरीवर रखवालदाराची शिट्टी वाजली.

"काका, उठा. पायऱ्यांवर बसायला मनाई आहे. लोकांच्या फोटोत येताय."

"मला कुणी दिसत नाही, आणि मी सगळ्यांच्या फोटोत," आबा मला म्हणाले. मग त्याला म्हणाले, "उभा राहिलो तर पडेन, बाबा."

"पडलात तर आमच्यावर येतं."

रखवालदार वाईट नव्हता. आबांना वर चढवायला त्यानेच हात दिला. आबांनी चपला मागून घेतल्या, पण घातल्या नाहीत. घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसले.

पंचवीस पायऱ्या राहिल्या. तर सांगा, हे टोचे कुणाच्या हुकमावरून घासून काढले? आणि ज्याने ते मारले, त्याने आता पाण्यापर्यंत जायचं कसं? लेखी द्या, रविवारच्या आत. मला ते आबांना वाचून दाखवायचं आहे.