पार्वताबाईचा बाजारातला आवाज

चांदूर बाजारच्या भाजीबाजारात पार्वताबाईने या टोकाला हाक दिली की त्या टोकाच्या बायका पिशव्या घेऊन यायच्या. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं त्या आवाजावर विकलं जायचं. फक्त लेकीला, प्रणालीला, तो आवाज कधी मानवला नाही. ती शहरात राजापेठेत क्लासला असताना आईने रस्त्यापलीकडून हाक मारली, तर पोरगी दिवसभर फुगून बसली. आता ती अमेरिकेत होती. नातवाच्या पाळण्यावर तिने कॅमेरा लावला होता, तो इकडे मोबाइलवर दिसायचा, त्यातून बोलताही यायचं. पण सक्त ताकीद होती, "आई, तो झोपला की एक शब्द बोलू नको."

त्या सकाळी अमेरिकेच्या किनाऱ्याकडे मोठं चक्रीवादळ येत होतं. "आमी समुद्रापासून लय दूर हावो, काही होत नाही," असं सांगून प्रणाली झोपली, कारण तिकडे रात्र झाली होती. जावई दौऱ्यावर होता. पार्वताबाईचा नवरा भगवंतराव मात्र चहा थंड करत मोबाइलवर तिकडच्या बातम्या पाहत बसले होते.

"अवं, इकडे पाय," ते एकदम म्हणाले. "वादळ दूरच हाय, पण त्याच्या ढगाईतून टोर्नाडो निंगून राहिले. घर उचलणारी वावटळ. नकाशावर आपल्या प्रणालीचं गाव लाल झालं."

फोन नुसता वाजत राहिला. पोराची झोपमोड नको म्हणून प्रणाली रात्री तो स्वयंपाकघरात ठेवायची.

पार्वताबाईने घाईघाईने कॅमेरा उघडला. खिडकीखाली नातू मुठी वळून झोपला होता, शेजारी प्रणाली पाठमोरी. बोलायचं बटण दाबलं आणि काय म्हणावं या बाईला, ती चक्क कुजबुजली.

"प्रणाली... ए बाई..."

"अवं, जोरात," भगवंतराव कळवळले.

मग तो आवाज पोटातून सुटला. "प्रणालीऽऽ! ऊठ! वावटळ येऊन राहिली! पोराले घे अन् बिनखिडकीच्या न्हाणीत जाय!"

गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. तिकडे नातवाने भोकाड पसरलं. प्रणाली धडपडून उठली, चेहऱ्यावर तोच जुना राग.

"आई, तुले सांगतलं होतं ना..."

"मंग चिडजो. आधी न्हाणीत जाय."

बाहेरची घरघर आता तिलाही ऐकू आली. पोराला छातीशी धरून ती पळाली. जरा वेळाने खिडकी फुटली, झाडाची जाडजूड फांदी पाळण्यावर कोसळली आणि चित्र गेलं.

पार्वताबाईला देवाचं नावही सुचेना. भगवंतराव फोन लावत राहिले, लावत राहिले, आणि एकदाचा तो उचलला गेला. पळता पळता प्रणालीने तो सोबत घेतला होता. वाऱ्याचा आवाज थांबला होता.

पार्वताबाईने सवयीने हळूच विचारलं, "पोरगं झोपलं का, बाई?"

"जागा हाय," प्रणाली हुंदके देत म्हणाली. "पाळणा नाही रायला, आई. अन् तू काहून हळू बोलून राहिली? जोरात बोल."