कपाळी कुंकू लागलेली सहावी फ्लॉपी

मी एक जुनी फ्लॉपी आहे, मित्रांनो. नाव ऐकून हसू नका! काळ्या चौकोनी पाकिटात पापडाएवढी पातळ, गोल तबकडी, ती मी. पाकिटाला एक लांबट खिडकी असते. तिथे माझं अंग उघडं असतं आणि तिथूनच संगणक मला वाचतो. तिथे बोटसुद्धा लावायचं नसतं.

आम्ही अकरा बहिणी एका डब्यात खोपोलीजवळच्या कागदाच्या कारखान्यात आलो. युनिक्स नावाच्या व्यवस्थेवर चालणारे सगळे प्रोग्राम आमच्यात वाटून ठेवले होते. मी सहावी. सगळ्या कालवणांना लागणारं वाटण जणू माझ्याच डब्यात होतं. माझ्यातल्या फायली नसल्या तर बाकीच्या दहाजणींचं काहीच शिजत नसे. मला काय गर्व होता म्हणून सांगू!

आम्हाला सांभाळायची लोधिवलीची शकू. संगणक शिकलेली त्यांच्या वस्तीतली पहिली मुलगी. तीन महिन्यांच्या बोलीवर लागली होती. दसऱ्याला गावच्या विहारात कार्यक्रम असतो म्हणून तिने रजा घेतली, आणि नेमकं त्याच दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा झाली.

पूजा करायचे धर्माजीकाका. तीस वर्षं कागद कापणारा हात! त्यांनी संगणकाला झेंडूचा हार घातला, डबा उघडला आणि अकरातली मधली म्हणून मला बाहेर काढलं. "तू बी येंत्रच की गं बाय," म्हणाले आणि ओलं कुंकू थेट माझ्या खिडकीत टेकवलं. देवाचं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून तसंच मला डब्यात ठेवलं. इतकी माया माझ्यावर कधीच कोणी केली नव्हती. आणि त्याच मायेने माझा घात केला.

चार दिवसांनी वीज अशी काही गेली-आली की संगणकातले सगळे प्रोग्राम पुसले गेले. शकू आम्हाला एकेक करून पुन्हा भरू लागली. माझ्यापाशी संगणक खरखरला आणि अडला.

"एक नाही वाचली तर काय बिघडतं? पुढची घाल," कारखान्याचे व्यवस्थापक गुप्ते साहेब म्हणाले.

शकू घुटमळली, पण तिने पुढची घातली. अकराही संपल्या आणि एकही प्रोग्राम उठेना!

"तू रजेवर काय गेलीस, सगळा सत्यानाश!" साहेब कडाडले. "मुंबईहून दुसरा संच यायला महिना लागेल. शनिवारी तुझी मुदत संपते, लक्षात आहे ना?"

तो दिवस गुरुवार होता.

शकू रडली नाही. तिने वही घेतली आणि एकेक प्रोग्राम चालवून संगणक काय तक्रार करतो ते लिहीत गेली. बारा तक्रारी लिहून झाल्यावर ती थबकली. बाराही ठिकाणी एकाच फायलीचं नाव! ती फाईल कोणाकडे? माझ्याकडे. तिने मला उजेडात धरलं.

"काका, हे लाल काय हो?"

धर्माजीकाकांचा चेहरा उतरला. "आगं... कुंकू हाय ते. मीच लावलं. पोरी, माज्यापायी तुजी नोकरी..."

"ते नंतर. तुमचा हात स्थिर आहे ना?"

"हात हाय. काळीज नाय."

मग काकांनी ब्लेडने माझं पाकीट अलगद कापलं. मित्रांनो, मी किती घाबरले होते! त्यांनी हायवेवरच्या गॅरेजातून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. शकूने मला त्यात धुतलं, कारखान्याच्याच टीपकागदावर वाळवलं आणि एका कोऱ्या फ्लॉपीची तबकडी काढून तिच्या पाकिटात सरकवलं. पहिल्यांदा संगणक खरखरला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी सगळा जीव एकवटला... आणि वाचली गेले! शकूने लगेच माझी प्रत दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवली. बरं झालं, कारण चौथ्यांदा मी वाचलीच गेले नाही.

शनिवारी सगळं चालू झालं. साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?"

"माजी, साहेब," काका पुढे झाले.

"माझीही, साहेब," शकू म्हणाली. "तीन महिन्यांत मी एकीचीही दुसरी प्रत काढली नव्हती. आणि सहावी वाचली जात नाही हे दिसत असून मी पुढची घातली."

साहेबांनी तिची वही चाळली. पुढची घाल, असं कोण म्हणालं होतं ते त्यांनाही आठवलं असावं.

"सोमवारी आल्यावर आधी अकराहींच्या प्रती काढ," एवढंच ते बोलले.

शकू सोमवारी आली!

आता डब्यात सहावी म्हणून माझी प्रत असते. मी उसन्या पाकिटात, खणाच्या कोपऱ्यात पडून आहे. मला आता कोणी वाचत नाही, आणि ते थोडं दुखतं. मित्रांनो, ज्याच्यावाचून सगळ्यांचं अडतं त्याची जोडी वेळेवर करून ठेवा. आणि जीव लावा, पण कुठे हात लावायचा नाही ते आधी विचारा.

पुढच्या दसऱ्याला काकांनी डब्याला हात लावला नाही. खण उघडला, मला उचललं आणि खिडकीपासून लांब कुंकवाचं बोट धरून विचारलं, "शकू, हिलाच ना गं? आन् कुठं लावू?"

शकूने वरचा कोपरा दाखवला.