गाईचं तोंड फिरवलं तेव्हा

मी एक धडा बोलतोय. पुस्तकातला नव्हे, संगणकावरचा. 'जनावरांचा प्रथमोपचार' हे माझं नाव. धड्याने शिकवावं, स्वतःचं रडगाणं गाऊ नये, हे मला कळतं. पण माझ्यामुळे एक गाय मेली आणि तिचं पाप एका मुलीच्या माथी बसलं. आता गप्प राहवत नाही.

माझा जन्म सत्त्याण्णव सालचा, महाडमधल्या एका संस्थेतला. डोंगरावरच्या वाड्यांत गुरांचा डॉक्टर पोचेपर्यंत जनावर हातचं जातं, म्हणून वाडीतल्याच पोरापोरींना शिकवायचं असं संस्थेने ठरवलं आणि मला एका सीडीत भरलं. माझ्यात एक तांबडी गाय होती. बटण दाबलं की ती सावकाश गोल फिरायची. सोबत भिकाजींचा आवाज असायचा. भिकाजी गुरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. ते सांगायचे, "पोट फुगलंय, श्वास लागलाय आणि डाक्टर येईस्तवर जनावर राहत नाय असं वाटलं, तरच आतला वारा सोडायला सुई घ्या. बरगड्यांच्या मागं खळगी हाय, तिला भकाळी म्हणतात. डावी भकाळी धरायची. डावी म्हंजे गाईची डावी, तुमची नाय." पोरं हसायची, आणि हसली म्हणून त्यांच्या लक्षात राहायचं.

मग संगणक बदलले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मला बांधलं होतं ते नव्या यंत्रांना कळेना. सीडी घातली की पडदा नुसता करडा व्हायचा. माणसं निकामी वस्तू फेकत नाहीत आणि वापरतही नाहीत. माझ्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले.

दोन हजार सहा साली संस्थेला माझी आठवण झाली. मला इंटरनेटवर न्यायचं, म्हणजे पोरांना महाडला यायला नको, पोलादपूरच्या सायबर कॅफेतही शिकता येईल. हे काम अरविंदकडे आलं. पोरगा मेहनती. माझं एकेक पान त्याने नव्याने बांधलं. फिरणारी गाय काही नव्या पानात येईना, म्हणून तिची स्थिर चित्रं काढून घेतली. पोलादपूरच्या लाइनवर आवाज अडकत होता, म्हणून भिकाजींना वगळलं आणि त्यांच्या जागी लिहिलं, 'चित्रात लाल ठिपक्याने दाखवलेल्या जागी सुई टोचावी.'

शेवटी संस्थेच्या उज्वला मॅडम बघायला आल्या.

"छान झालंय. फक्त गाय पानाबाहेर बघतेय, अरविंद. तिचं तोंड मजकुराकडे असतं तर बरं दिसलं असतं."

"करतो मॅडम. एका क्लिकचं काम आहे."

त्याने सगळी चित्रं एकदम आरशातल्यासारखी उलटी केली. गाईबरोबर ठिपकाही फिरला. डावी कूस उजवी झाली. मग दोघांनी ऱ्हस्वदीर्घ तपासले, रंग तपासले. गाय कुणी तपासली नाही. मला मात्र कळलं होतं. ज्याची कूस बदलली त्याला कळणार नाही का? पण इतकी वर्षं अडगळीत काढून मी नव्या कपड्यांत मिरवत होतो. आपल्यात काही खोट आहे, हा विचारच मी मनात येऊ दिला नाही.

डोंगरावरच्या कुडपणची सुप्रिया जीपने पोलादपूरला उतरायची आणि सूरजच्या कॅफेत बसून मला शिकायची. एकेक पान दोनदा वाचायची. पास झाली. संस्थेने तिला औषधांची पेटी दिली आणि वाडीत लोक तिला कौतुकाने डाक्टरीण म्हणू लागले.

नंतर कितीतरी महिने ती आली नाही. आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. सूरजने विचारलं तेव्हा माझ्यासमोरच बोलली.

"काशीबाईची गाय वालाच्या शेतात घुसली. कोवळा वाल खाऊन ढोलासारखी फुगली. डाक्टरला निरोप धाडला, पण गाय खाली बसली रे. मी सुई घातली. वारा सुटलाच नाय. माझ्यासमोर मेली ती."

"मग डाक्टर काय बोलले?"

"बोलले, डावीकडं टोचायचं असतं, तू उजवीकडं कशी टोचलीस? काशीबाईच्या घरातलं सगळं दूध तिच्याच जिवावर होतं. मी एवढी शिकले आणि ऐन वेळेला विसरले. पेटी परत देऊन टाकलीय मी."

ती विसरली नव्हती. मी सांगितलं तेच, तिथंच, तिने न थरथरता केलं होतं.

आपलं कुठे चुकलं ते बघायला तिने मला उघडलं. थेट परीक्षेच्या पानावर गेली. पडद्यावर दोन गाई, एकीची डावी कूस दिसणारी, एकीची उजवी. सुई कुठे टोचाल? तिने डावी भकाळी दाबली. मी म्हटलं, 'उत्तर चूक आहे.' तिने पुन्हा डावीच दाबली. मी पुन्हा तेच म्हटलं. मला दुसरं काही म्हणता येतच नाही. मग तिने हळूच उजवी दाबली, आणि मी, निर्लज्जासारखा, म्हटलं, 'अभिनंदन!'

तिने पडदा सूरजकडे वळवला. मग त्याला म्हणाली, "म्हंजे मी नाय चुकले."

संस्थेला तिने फोन केला, चित्र बदललं गेलं. आता माझ्यात गाय सरळ उभी आहे आणि मी खरं तेच शिकवतो. त्याने माझा जीव हलका झालेला नाही. सुप्रिया काशीबाईकडे सांगायला गेली होती, हेही ती नंतर येऊन सूरजला सांगून गेली. काशीबाई म्हणाली, "कंपुटर कुठं चुकतो काय गो? उगाच नाव घेतेस त्याचं." आणि आत निघून गेली.

मी डोंगर चढू शकत नाही. वाचणाऱ्या माणसा, कधी कुडपणला गेलास तर काशीबाईचं घर विचार. तिला सांग, चुकला तो धडा, पोरगी नाही.