सासऱ्याचं पिस्तूल

मी सिंधु. देगलूरच्या अलीकडं आमचं गाव. पिस्तूल इकलं तवा अख्खं गाव म्हणलं, "म्हातारीनं घराची शान इकली." म्हणू द्या. गावाच्या तोंडाला झाकण लावायला मी काय त्यांची सासू हाय?

पिस्तूल माझ्या सासऱ्याचं. रझाकाराची धामधूम सरल्यावर त्यांनी रीतसर लायसन काढून घेतलेलं. त्यांच्या मागं आमच्या मालकांच्या नावावर आलं. मालक गेल्या साली गेले, अन् कायद्याप्रमाणं ते ठाण्यात जमा करावं लागलं. मृत्युपत्रात मालकांनी ते माझ्या नावानं लिहून ठेवलेलं. त्यामुळं मी सही दिल्याबिगर माझ्या पोराला, सुदर्शनला, ते मिळणार न्हाई. अन् सुदर्शन तर त्याच्यासाठी हात धुऊन माझ्या मागं लागलेला.

आमच्या घरात एक रीत होती. पिस्तूल पुरुषाच्या नावावर, पण पेटीची चावी बाईच्या कमरेला. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी ती माझ्या हातात ठेवली अन् म्हणल्या, "मागितल्याशिवाय द्यायची न्हाई, अन् मागितल्या मागितल्या तर मुळीच न्हाई." एकदा मालक पाण्याच्या पाळीवरून भांडून आले. डोळे लालबुंद. "चावी दे," म्हणले. मी म्हणलं, "देते की. आधी हातपाय धुवा, चार घास खा." जेवले, कलंडले, घोरायला लागले. सकाळी उठून म्हणतात कसे, "कालचं पिठलं लई झाक झालतं." चावीचं नाव न्हाई! त्या पिस्तुलातून माणसावर कवाच गोळी सुटली न्हाई, ती अशी.

सुदर्शन माझा वाईट न्हाई. बायकोला, उज्वलाला, जीव लावतो. पण राग कसा, नाकाच्या शेंड्यावर. त्यात माझे चुलत दीर मलप्पा आमच्या शेजारचे शेतकरी. त्यांच्या ट्रॅक्टरनं आमचा बांध कोरला, तवापासून त्यांच्यात अन् सुदर्शनमधी इस्तव जात नव्हता. मलप्पाभावजींची जीभबी काय कमी न्हाई. चावडीवर म्हणले, "बाप होता तवर घरात मर्द होता."

त्या दिवशी सुदर्शन स्वयंपाकघरात येऊन बसला. "अव्वा, कवा देतीस सही? बापाची आठवण हाय ती."

खरं सांगते, माझाबी जीव त्यात अडकलेला. दर खंडेनवमीला मालक ते फडक्यानं पुसायचे, पाटावर ठेवायचे, मी हळदकुंकू वाहायचे. ते घराबाहेर जाऊ द्यायचं म्हणजे मालकांना परत एकदा घरातून उचलून नेल्यासारखं वाटत होतं. रडू आलं मला. म्हणलं, "करते सही. पण चावी उज्वलापाशी राहील. आपली रीत हाय."

सुदर्शन खदखदून हसला. "बायकोला इचारून पिस्तूल काढू? मी जेवूस्तोवर मलप्पा थांबून राहील का?"

उज्वला भाकरी थापून राहिली होती, तिचा हात थांबला. पोरगा आठवण मागत नव्हता, मलप्पाभावजींचा जीव मागत होता, अन् त्यापायी सोताचा जन्म जेलात घालायला निघाला होता. मी डोळे पुसले. "मग इकायचं," म्हणलं.

लई तमाशा झाला. सुदर्शन दोन दिवस जेवला न्हाई. तिसऱ्या दिवशी उपाशी माणूस जसा जेवतो तसा जेवला, पण माझ्याशी बोलला न्हाई. गावातली चार शहाणी माणसं समजावायला आली. "सिंधुबाई, दारावरून जाणारा माणूस अजून दबकून जातो." मी म्हणलं, "दबकून कशाला, सरळ चालावं की. चहा घेणार का?"

नांदेडच्या हापिसात खेटे घालून मी इकायची परवानगी आणली. लातूरहून लायसनवाला दुकानदार आला, पंचाक्षरी नावाचा. ठाण्यात त्यानं पिस्तूल उलटंपालटं करून बघितलं. "बाई, असं काम आता होत न्हाई. ठेवलं असतं घरात."

"तुमच्या घरात रागीट माणूस हाय का?" मी इचारलं.

"न्हाई."

"मग तुमीच ठेवा."

सही केली तवा मालक डोळ्यांम्होरं आले. पण अक्षर वाकडं येऊ दिलं न्हाई.

पुढं पेरणीच्या टायमाला जे व्हायचं ते झालंच. मलप्पाभावजींनी परत बांधाला नांगर लावला. दुपारी सुदर्शन घरी आला तो सदरा फाटलेला, ओठ फुटलेला, भुवईतून रगत. तिकडं भावजींचा दात पडला म्हणं. दोघं ढेकळांत लोळून लोळून भांडले, दमले, अन् आपापल्या पायांनी आपापल्या घरी गेले.

उज्वला हंबरडा फोडायच्या बेतात. मी म्हणलं, "रडू नको, हळद आण."

मी जखम पुसून राहिले अन् त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच. मलप्पाला शिव्या, पंचाक्षरीला शिव्या, मलाबी. "तू इकलंस म्हणून वाचला तो! पिस्तूल असतं ना अव्वा, तर आज मी त्याला तिथंच..."

पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघाला न्हाई. माझ्याकडं बघत राहिला. मग उज्वलाकडं बघितलं. मग सोताचे हात उलटेपालटे करून बघायला लागला, दुसऱ्याच कुणाचे असल्यागत.

"जेवतोस का?" मी इचारलं.

"हाव," म्हणला.