खाली वाली बाटली

सुलोचनामावशींनी घमेलं उचललं आणि धम्मदीनाच्या पायाशी रिकामं केलं. बोटभर लांबीचे मासे, सगळे मेलेले, पोटं टम्म फुगलेली. तलावाच्या काठावरच्या फरशीवर ते पसरले तशी धम्मदीना एक पाऊल मागे सरकली, आणि आपण मागे सरकलो याची तिला लगेच लाज वाटली.

"बघ, बेटा," मावशी म्हणाल्या. "तूच बोलली होतीस ना, बिनधास्त सोडा म्हणून? तळ एकदम साफ आहे म्हणून?"

बोलली होती. याच फरशीवर उभं राहून, लॅपटॉप उघडून, सगळ्या बायकांसमोर छातीठोकपणे बोलली होती.

इंदूरहून देपालपूरला जाणाऱ्या वाटेवरच्या या तलावावर मावशींची बायकांची मच्छीमार समिती पोट भरते. मावशी मूळच्या बऱ्हाणपूरच्या, लग्न होऊन इकडे आल्या. उन्हाळ्यात तलावाचा श्वास कोंडतो, मासे तोंडं वर काढून तडफडतात. त्यात शहराकडून येणारा नाला कपड्यांच्या धुण्याचं पाणी आणतो आणि त्याबरोबर टेरिकॉटचे, नायलॉनचे डोळ्यांना न दिसणारे तंतू. तलावात हवा सोडणाऱ्या नळ्या टाकायच्या ठरल्या. त्या कुठे टाकल्या म्हणजे माशांना हवा मिळेल पण प्लास्टिक उसळणार नाही, हे संगणकावर तलावाची नक्कल करून शोधायचं काम धम्मदीनाच्या संस्थेकडे आलं. तिच्या मॉडेलने सांगितलं की नळ्या थेट तळावर ठेवा. नळ्या बसल्या आणि पंधरवड्यापूर्वी समितीने बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे ही बोटाएवढी पिल्लं. ती जगली तर पुढे जाळं टाकायचं, नाहीतर जाळी गुंडाळून शहरात धुणीभांडी शोधायची. मावशींचा हिशेब इतका सरळ होता.

धम्मदीनाने काही मेलेली पिल्लं बर्फात घातली आणि तडक प्रयोगशाळा गाठली. एकाचं पोट चिरून तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. अन्नाचा कण नाही. नुसते तंतू. निळे, लाल, पांढरे, एकमेकांत गुंतलेले, केरसुणी झाडल्यावर तिच्यात अडकलेल्या केसांसारखे. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं, तेच. उपाशी मेली होती पोरं, आणि तीही भरल्या पोटाने.

"नीरज!" ती ओरडली. "इकडे ये!"

नीरज हा तिचा सहकारी. त्याने वाकून सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "बाप रे! दीदी, ये कहां से आया? तळ तर झिरो आला होता आपला."

"तेच विचारतेय मी. इनपुट उघड. तळाचे आकडे दाखव."

नीरजने फाइल उघडली. काठाचे आकडे होते, मध्यभागाचे होते. तळाचे नव्हतेच. तळ मॉडेलने आपल्या मनाने भरून घेतला होता, आजूबाजूचं पाहून. संगणकाला आपण उगाच साधूसंत समजतो. त्याला एखादी गोष्ट सांगितली नाही तर तो विचारायला येत नाही, खुशाल बनवून देतो. वर एक सुरेख निळा नकाशा काढतो. त्या निळ्या रंगावर भाळून धम्मदीनाने आकडे पुन्हा उघडून पाहिले नव्हते, हेही इथेच सांगितलेलं बरं.

"आणि हे काय?" तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ब्लँकमध्ये इतके तंतू?"

ब्लँक म्हणजे कोरी बाटली. शुद्ध पाण्याची एक बाटली मोजणीच्या वेळी शेजारी उघडी ठेवतात. हवेतून, अंगावरच्या कपड्यांतून तिच्यात जे तंतू पडतील ते आपले, तलावाचे नव्हेत, असं धरून बाकी सगळ्या मोजण्यांतून वजा करतात. त्या बाटलीत दोनचार तंतू निघतात, फार तर. इथे ढीग होता.

"मला वाटलं तुमच्या ओढणीचे असतील," नीरज चाचरत म्हणाला. "खूप होते, पण तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होतात. मी म्हटलं, दीदीला माहीत असणार."

"मी काय बोलत होते?"

"आपण मोजत नव्हतो का? तुम्ही मायक्रोस्कोपवर, मी टायपिंगला. तुम्ही बाटली उचलून बोलायच्या, ये किनारे वाली है, ये बीच वाली है, ये खाली वाली है. मग खाली वाली मी ब्लँकमध्ये टाकली."

धम्मदीनाने ब्लँकचा रकाना पुन्हा वरपासून वाचला.

महूच्या फौजी आजोबांची ही नात. घरात मराठी, शाळेत हिंदी, कामात इंग्रजी. तिन्ही एकाच वाक्यात कालवून ती बोलायची आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. अख्खं इंदूर तसंच बोलतं. नीरजच्या अन्नपूर्णा भागातल्या घरी तर मराठी आता 'जेवलास का' आणि 'लवकर ये' एवढीच उरली होती. वजन बांधून दोरीने तळाशी सोडलेल्या, खालच्या गाळालगतच्या पाण्याने भरून आणलेल्या त्या बाटल्या. त्यांना ती हिंदी वाक्यात आपल्या आईच्या भाषेतलं खाली म्हणाली होती, आणि नीरजने हिंदीतलं ऐकलं होतं. रिकामी.

ती खुर्ची ओढून बसली. म्हणजे तलावातलं सगळ्यात जास्त प्लास्टिक ज्या बाटल्यांत होतं, त्या आपण रिकाम्या ठरवल्या. नुसत्या ठरवल्या नाहीत, त्यांतले तंतू काठाच्या आणि मध्याच्या आकड्यांतूनही वजा केले. तलाव कागदावर धुऊन काढला आपण! आणि मग तळावर नळ्या ठेवून तो गाळ ढवळला, आणि त्यात पिल्लं सोडायला लावली.

"माझीच गलती आहे, दीदी," नीरज म्हणाला. "मैं लिखके दे देता हूं."

"गप्प बस. तोंड माझं होतं." ती उठली. "आकडे त्यांच्या जागी टाक. पुन्हा चालव."

या वेळी तळ लालभडक आला. नळ्यांच्या तोंडातून तो लाल रंग बुडबुड्यांबरोबर वर चढला आणि तलावभर पसरला. बघवेना. मॉडेलमध्ये नळ्या बंद करून पाहिल्या, तर हवा संपून मोठे मासेही गुदमरत होते. नाल्याकडच्या तेवढ्या बंद केल्या, फरक पडला, पण पुरेसा नाही. मग नळ्या अर्ध्या उंचीवर उचलल्या. वरच्या पाण्यात हवा खेळली आणि गाळ होता तिथे निजून राहिला. नीरजने आकडे तीनतीनदा वाचून दाखवले, मराठीत, अडखळत, आणि धम्मदीनाने एकेक बाटलीशी ताडून पाहिले.

दुपारच्या रणरणत्या उन्हात ती पुन्हा तलावावर पोचली. काठावर आणखी दोन घमेली भरली होती. तिने मावशींना सगळं सांगितलं, बाटल्यांचं, बोलण्याचं, काहीही न लपवता.

"खाली?" मावशी म्हणाल्या. "खाली म्हणजे खाली नाही, खाली?" आणि त्या हसल्या. मोठ्याने, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या हसण्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर धम्मदीनाला सोसलं असतं.

हसू थांबलं. "आता काय म्हणणं आहे तुझं?"

"नाल्याकडच्या नळ्या बंद करायच्या. बाकीच्या अर्ध्यापर्यंत वर ओढून बांधायच्या. आत्ता, लगेच."

"मग वाचतील?"

"ज्यांच्या पोटात गेलंय ती नाही वाचणार. बाकीची वाचावीत."

"वाचावीत?"

"हो, मावशी. वाचतीलच असं म्हणायची माझी हिंमत नाही. पुन्हा चुकत असेन तर तेही इथेच कळेल. मी रोज येऊन बघीन."

मावशींनी पदर खोचला आणि नावेत चढल्या. "ये," म्हणाल्या, "पहिली नळी तू ओढ."

नळी जड होती, शेवाळाने बुळबुळीत झालेली. दोघी समोरासमोर बसून ओढत होत्या आणि बुडबुडे फुटून गढूळ पाणी नावेला थडकत होतं. मावशींनी नळीला गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाल्या, "त्या दिवशीही असंच वाचावीत म्हणाली असतीस ना, तर मी अर्धीच सोडली असती गं. अर्धी हौदात ठेवली असती."