डब्यातली नोट

डब्याच्या तळाशी, चटणीचा तेलकट डाग कितीही घासला तरी निघत नाही नेमका तिथे, एक नोट... निळसर, कोरी करकरीत, वर त्या बंडखोर सेनापतीचा चेहरा. संघमित्राने झाकण चटकन लावलं. अप्पर हट या उपनगरातून वेलिंग्टनला निघालेल्या गाडीत समोरची मुलगी फोनमध्ये बुडालेली होती, तरी चोरी पकडल्यासारखं झालं.

बाई गं! तिला वाटलं होतं, अक्रोडाचा केक असेल. सकाळी फाटकापाशी शेजारच्या नादियाने डबा परत दिला तेव्हा ती काय म्हणाली, ते घाईत मनावर घेतलंच नव्हतं — "रिकामा द्यायचा नाही म्हणालीस ना? आज घरात दुसरं काही नव्हतं. भावाने आणली तिकडून. इथे हिचं काहीच येत नाही, तुझ्या लेकीला, जुईला खेळायला दे."

खेळायला! ज्या नोटेपायी वेलिंग्टनला परराष्ट्र खात्याच्या ऑफिसात महिनाभर आमची डोकी शिणली ती... नादियाच्या देशात युद्ध, अर्धा मुलूख बंडखोर सरकारच्या ताब्यात, त्यांनी जुनं चलन रद्द करून हे स्वतःचं छापलेलं. आणि तिथल्या दोन परदेशी बँका ही नोट घेतात म्हणून सगळा तमाशा. मित्रदेशाच्या वकिलातीतले गृहस्थ काल सगळ्यांना 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून गोड हसत म्हणाले होते — नोट स्वीकारली की सरकार स्वीकारलं; बँका बंद करायला लावा. न्यूझीलंडने यावर होय म्हणायचं की नाही, त्याचा मसुदा तिच्याकडे, आज द्यायचा. तिने कालच लिहून ठेवला होता — होय, बंद कराव्यात. आणि त्यात चुकलं तरी काय? त्या सेनापतीने गावंच्या गावं जाळली. त्याचा चेहरा जगाने खिशात का बाळगायचा?

पण नादियाची आई त्याच मुलखात अडकली आहे, नादिया पाठवते ते पैसे त्याच दोनांतल्या एका बँकेतून पोचतात, आणि तिथला औषधवाला हीच नोट मागतो... हे मला ठाऊक होतं. लिहितानाही ठाऊक होतं. 'नागरिकांची काही गैरसोय संभवते' असं एक वाक्य टाकून मी मोकळी झाले होते. गैरसोय म्हणे!

आणि भांडं रिकामं देऊ नये, हे शहाणपण नादियाला शिकवायला गेलं कोण? मीच. आईची रीत. औरंगाबादच्या क्वार्टर्समध्ये आई बुद्धपौर्णिमेची खीर समोरच्या बाईंकडे पाठवायची, आणि डबा परत यायचा तो लख्ख घासलेला, रिकामा. चिमूटभर साखरसुद्धा नाही. आमच्या घरची खीर तिथे कुठे जात असेल ते आई ओळखून होती. तरी पुढच्या वर्षी पाठवायचीच. "त्यांचं त्यांच्यापाशी. आपण आपली रीत का सोडायची?" मला मात्र तो डबा हातात घेणं जिवावर यायचं. संताप व्हायचा. अजून होतो.

ऑफिसात तिच्या बॉसने, मार्गारेटने, दारातूनच विचारलं, "मसुदा झालाय ना? पाठव, म्हणजे स्वीट अ‍ॅज, सगळं झकास."

"थोडा वेळ दे."

"काल तर झाला होता!"

"होता," ती म्हणाली.

डबा टेबलावर. आता पाळी आपली. संध्याकाळी यात काहीतरी घालून नादियाच्या दारात उभं राहायचं — करंज्या? पीठ आहे, खोबरं आहे, घरात सगळं आहे... तिने 'गैरसोय' हा शब्द खोडला. त्या जागी दुसरा सुचेना. वरचं 'होय' तसंच होतं, आणि ते खोडायला हात धजेना. औरंगाबादच्या त्या समोरच्या बाईंवरचा रागही तसाच होता. फक्त त्यांच्या जागी, लख्ख घासलेला रिकामा डबा घेऊन, नादियाच्या दारात आता मीच उभी होते.